रोनित एल्काबेत्स : आईची कहाणी पडद्यावर आणणारी नटी

येरुहामच्या आपल्या मंडळींना २००७ सालचा 'बिकुर हा-तिझमोरेत' वेगळा सांगायला नको. त्याचं चित्रीकरण त्यांच्याच गावात झालं. वाट चुकलेल्या इजिप्शियन बँडवाल्यांना जेवू घालणारी, रात्री आसरा देणारी त्यातली खानावळवाली दीना म्हणजेच रोनित एल्काबेत्स.

रोनितचा जन्म १९६४ साली बेअर शेवात झाला आणि बालपण किर्यात याममध्ये गेलं. आईवडील मोरोक्कोतल्या एसाउईरा बंदरचे. वडील पोस्टात होते, आई बायकांचे केस कापी. अभिनयाचं रीतसर शिक्षण रोनितने घेतलं नव्हतं. जाहिरातीसाठी बोलावलंय असं समजून गेली आणि १९९० साली 'हा-मेयुआद' सिनेमाची नायिका झाली! पुढे काही वर्षं पॅरिसला राहून नाटकांतही कामं केली.

२००१ च्या 'हतुना मेउहेरेत'मध्ये ती एका मुलीची घटस्फोटित आई आहे. तिच्यावर प्रेम करणाऱ्या मुलाचे जॉर्जियन नातेवाईक सगळे मिळून तिच्या दारात येऊन उभे राहतात. आपल्याकडे सोयरिकीच्या वेळी काय काय चालतं ते आठवून आम्हाला हसू आलं, थोडी लाजही वाटली.

पण तिचं खरं मोठं काम म्हणजे भाऊ श्लोमीबरोबर लिहिलेले आणि दिग्दर्शित केलेले तीन सिनेमे. तिन्हींत नायिका एकच, विवियान, आणि तिची प्रेरणा त्यांची स्वतःची आई. पहिल्यात (२००४) १९७९ चं हैफा, घरात मोरोक्कन अरबी, फ्रेंच आणि हिब्रू यांची खिचडी. ती ऐकताना आपल्या घरातली मराठी-हिब्रू आठवतेच. 'शिव्आ'त (२००८) आखाती युद्ध चालू आहे आणि सुतकातली माणसं गॅसचे मुखवटे जवळ घेऊन बसली आहेत.

तिसरा 'गेट', २०१४ चा. नवरा गेट देत नाही, आणि त्याच्या राजीखुशीशिवाय बेत दीन लग्न मोडू शकत नाही. तारखांवर तारखा पडत पाच वर्षं जातात. कॅमेरा कचेरीबाहेर जातच नाही. सुरुवातीला पुरुषच तिच्याबद्दल बोलतात, ती काही वेळ दिसतसुद्धा नाही. रब्बानूतचे उंबरठे आपल्या जमातीनेही झिजवले आहेत. १९६२ पासून बेने इस्राएल वधूवरांच्या वंशाची चौकशी होई, १९६४ च्या धरण्यानंतरच आपलं नाव त्या सूचनेतून निघालं. म्हणून असेल, पण विवियान बाकावर गप्प बसते तेव्हा आमच्या पोटात कालवलं. या सिनेमाला ऑफिर पुरस्कार मिळाला, आणि २०१५ साली रब्बानी न्यायाधीशांनी आपल्या परिषदेत तो बसून पाहिला. निकाल काय लागतो ते मात्र आम्ही सांगणार नाही.

कॅन्सरने १९ एप्रिल २०१६ रोजी, पेसाहला तीन दिवस उरले असताना, रोनित गेली. वय अवघं ५१. श्लोमीने वर्षानुवर्षं टिपलेल्या तिच्या चित्रफितींतून २०२१ साली 'महबारोत श्होरोत' हा माहितीपट झाला. त्यात ती आहे, आणि त्यांची आईसुद्धा.