हॅसलब्लाड ५०० सी : वेग सोडून मिळवलेला भरवसा

१९५७ साली गोथेनबर्गच्या हॅसलब्लाड कंपनीने ५०० सी हा कॅमेरा आणला, तेव्हा आकडे पाहता तो तिच्या जुन्या कॅमेऱ्यांहून मंद होता. १९४८च्या १६०० एफचं शटर सेकंदाच्या १६००व्या भागापर्यंत जायचं. याचं ५००व्या भागाशीच थांबायचं. माझ्या मते कॅमेऱ्यांच्या इतिहासात याहून शहाणी माघार क्वचितच कुणी घेतली असेल.

व्हिक्टर हॅसलब्लाड व्यापारी घराण्यातले. त्यांना पक्ष्यांचे फोटो काढायचा मोठा नाद. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवर त्यांचं पुस्तकही आहे. युद्धकाळात त्यांनी स्वीडनच्या हवाई दलासाठी कॅमेरे बनवले आणि युद्ध संपल्यावर हातात धरून वापरता येईल असा कॅमेरा करायला घेतला. त्याचं देखणं रूप साब मोटारीचे डिझायनर सिक्स्टन सासोन यांचं. पण १६०० एफमध्ये फिल्मसमोरून धावणारा शटरचा धातूचा पडदा फार नाजूक निघाला. पुढच्या १००० एफमध्ये वेग उतरवला, तरी दुखणं पुरतं गेलं नाही.

५०० सीमध्ये शटर थेट लेन्समध्ये गेलं. झाइसच्या ८० मिमी प्लॅनरच्या पोटात पातळ पात्यांचं कॉम्पूर शटर बसलं. त्यामुळे प्रत्येक लेन्सला स्वतःचं शटर आलं आणि किंमत वाढली. पण फ्लॅश कुठल्याही वेगाला जुळू लागला. भर उन्हात चेहऱ्यावरची सावली फ्लॅशने उजळणाऱ्या फोटोग्राफरला याची किंमत विचारा!

बटण दाबल्यावर आत जे घडतं ते मला फार आवडतं. आधी लेन्समधली पाती मिटतात, अ‍ॅपर्चर ठरवलेल्या आकड्यावर येतं, आरसा वर जातो, फिल्मसमोरची दोन दारं उघडतात. मग कुठे पाती क्षणभर उघडून पुन्हा मिटतात. मागची दारं मात्र बोट उचलल्यावरच बंद होतात. म्हणून एका सेकंदाचा फोटो घेताना बटण पुरा वेळ दाबून धरावं लागतं. बोट लवकर सुटलं तर एक्स्पोजर अर्धवट राहतं. आरसाही आपसूक खाली येत नाही. नॉब फिरवून शटर चढवेपर्यंत व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख. धावपळीच्या कामाला हे गैरसोयीचं, हे खरंच. शिवाय कमरेशी धरून वरून पाहायचं आणि चित्र डावं-उजवं उलट दिसतं. माणूस डावीकडे निघाला की तो काचेवर उजवीकडे सरकतो. हाताला सवय लागायला वेळ जातो.

निगेटिव्ह चौरस, बाजू साधारण ५६ मिमी. १२०च्या रोलवर अवघे १२ फोटो, पण ३५ मिमीच्या निगेटिव्हपेक्षा क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त. रोल अर्धा असतानाही डार्क स्लाइड, म्हणजे फिल्म झाकणारी पातळ पट्टी, आत सरकवून फिल्मचं मॅगझिन काढता येतं, रंगीतच्या जागी कृष्णधवल लावता येतं. स्लाइड आत विसरली तर बटण दबतच नाही.

हे मॅगझिन सुटं होणं पुढे फार मोठ्या कामी आलं. १९६२ साली अंतराळवीर वॉल्टर शिरा यांनी ह्यूस्टनच्या दुकानातून ५०० सी विकत घेतला आणि तो त्यांच्याबरोबर पृथ्वीप्रदक्षिणेला गेला. १९६९ साली अपोलो ११मध्ये याच घराण्यातला, मोटर असलेला कॅमेरा चंद्रावर उतरला. परतताना वजन वाचवायचं होतं, म्हणून कॅमेरा आणि लेन्स तिथेच ठेवून फिल्मची मॅगझिन तेवढी परत आणली.

५०० सीला बॅटरी लागत नाही, त्यामुळे साठ वर्षांपूर्वीचे नगही आज चालतात. जुना घेणार असाल तर लेन्स १ सेकंदावर ठेवून कान देऊन ऐका. वापराविना पडून तेल घट्ट झालं असेल, तर शटर रेंगाळतं. मॅगझिनमधला फोम झिजला असेल, तर निगेटिव्हच्या कडेला उजेडाचा पट्टा उमटतो. दोन्ही दुरुस्त होतात, पण तो खर्च धरूनच भाव ठरवा. आणि लेन्स काढताना-बसवताना बॉडी आणि लेन्स दोन्ही चढवलेली आहेत ना, हे आधी बघा. नाहीतर दोन्ही एकमेकांत अडकून बसतात.