सातबारा मोबाईलवर आला, पण त्यातले शब्द कळतात का?

महाभूलेखच्या साईटवर जिल्हा बीड, मग तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की सातबारा समोर येतो. नुसता बघायचा असेल तर फुकट, सरकारी कामाला चालणारा डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये. ही डिजिटल सहीची सोय १ मे २०१८ ला सुरू झाली. माझ्यासारखी बीडची बरीच पोरं पुण्यात असतात, त्यांचं मोठं काम झालं. पण पीडीएफ उघडल्यावर काय? मी दिवसभर डेटाबेसमध्ये काम करतो, तरी सातबाऱ्याचे शब्द मला आजोबांकडूनच समजून घ्यावे लागले. कारण हे शब्द तीन वेगवेगळ्या राजवटींतून आलेत.

नावापासून सुरू करू. महसूल खात्याच्या गावपातळीच्या नोंदवह्यांना ‘गाव नमुना’ म्हणतात. नमुना ७ मध्ये जमीन कुणाची ते असतं, नमुना १२ मध्ये पिकं. दोन्ही एकाच कागदावर, म्हणून सातबारा. एका माणसाच्या नावावरची गावातली सगळी जमीन बघायची असेल तर ८अ.

क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहिलेलं असतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे साधारण एक गुंठा. ४० आर दिसले की अंदाजे एक एकर समजा. ‘पोटखराबा’ म्हणजे त्याच गटातला लागवडीला न येणारा भाग, ओढा, खडक वगैरे.

आता खरा महत्त्वाचा शब्द : भोगवटादार वर्ग. वर्ग १ असेल तर जमीन विकायला सहसा परवानगी लागत नाही (आदिवासी खातेदाराची जमीन याला अपवाद). वर्ग २ असेल तर सरकारची परवानगी लागते, बहुतेक वेळा नजराणाही भरावा लागतो. परवानगीशिवाय घेतलेला वर्ग २ चा प्लॉट म्हणजे पैसे अडकलेच म्हणून समजा. इसारपावती करायच्या आधी ही एक ओळ बघा, बाकी नंतर.

बीडमध्ये वर्ग २ इतका का दिसतो? सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि महसुलाचा कारभार उर्दूत चालायचा. तिथूनच ‘मदतमाश’ आणि ‘खिदमतमाश’ आले. माश म्हणजे उपजीविका. कुणाला गुजराणीसाठी मदत म्हणून दिलेली इनाम जमीन ती मदतमाश. देवळाची, मशिदीची, दर्ग्याची सेवा करण्याच्या बदल्यात दिलेली ती खिदमतमाश. अशा इनामाच्या मंजुरीचा कागद म्हणजे ‘मुंतखब’. जुन्या घरात पेटीच्या तळाशी उर्दू कागद सापडला तर रद्दीत टाकू नका. ‘खासरा पत्रक’ हा शब्दही त्याच घराण्यातला. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधत होती तेव्हा तो बातम्यांत आला होता.

‘कुळ’ म्हणजे इथे घराणं नाही. दुसऱ्याची जमीन कसणारा तो कुळ, आणि त्याबद्दल तो देतो तो ‘खंड’. मराठवाड्यात कुळांना संरक्षण मिळालं ते १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याने. त्याच बाजूला ‘इतर अधिकार’ असतं आणि तिथे ‘बोजा’ सापडतो : बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज. कधी ‘तगाई’ दिसेल, ती इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली सरकारी शेतीकर्जं. कर्ज फिटलं तरी नोंद आपोआप उडत नाही. फेडल्याचा दाखला घेऊन ती कमी करून घ्यावी लागते.

सगळ्यात जास्त घरं भांडतात ती दोन छोट्या शेऱ्यांवरून. पहिला ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. कायद्याच्या मराठीत अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, १८ वर्षांखालचा. मूल पस्तिशीला पोचलं तरी शेरा तसाच राहतो आणि मग विकायच्या वेळी आठवतो. दुसरा ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील वारल्यावर चार भावंडांऐवजी फक्त थोरल्याचं नाव लागायचं आणि पुढे हा शेरा. हेतू सरळ होता, सारा भरायला एक माणूस. पण थोरला गेला की वारस म्हणून फक्त त्याचीच मुलं नोंदवली जाऊ शकतात आणि बाकीच्या भावा-बहिणींची नावं कागदावर येतच नाहीत. हक्क संपत नाही, पण तो सिद्ध करायला कोर्टात जावं लागतं. मुलींचा तर विषयच निघत नाही, कायदा २००५ मध्ये बदलला तरी. तुमच्या उताऱ्यावर ए.कु.मॅ. असेल आणि थोरले काका हयात असतील तर त्यांच्याशी आत्ताच बोला. हे दोन्ही शेरे कमी करायला आणि वारस नोंदीला ‘ई-हक्क’वरून ऑनलाईन अर्ज करता येतो.

हे सगळं बदलतं ते ‘फेरफार’मधून. कोडिंग करणाऱ्यांनी गिटचा कमिट समजावा : कुणी, कधी, कशाच्या आधारे बदल केला ते एका क्रमांकाखाली गाव नमुना ६ मध्ये लिहिलेलं असतं. खोडलेलं किंवा कंसातलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव, आणि ते कुठल्या फेरफाराने कमी झालं हे शोधता येतं. नव्या उताऱ्यावर प्रलंबित फेरफार आहे की नाही हेही दिसतं. मंजुरीआधी नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. ही नोटीस पूर्वी फक्त चावडीवर लागायची, आता ‘आपली चावडी’ या ऑनलाईन पानावर गावाचं नाव टाकून बघता येते. महिन्यातून दोनदा तरी आपलं गाव उघडून बघा. हरकत घ्यायची असेल तर मुदतीत तलाठ्याकडे (पदाचं नवं नाव ग्राम महसूल अधिकारी, गावात अजून तलाठीच) लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.