जुन्या मोटारी, नवे ठक

पन्नास वर्षांपूर्वी मराठी नियतकालिकांच्या कोपऱ्यांत एक जाहिरात हटकून आढळत असे. चित्र जुळवा, चौकोन भरा आणि अवघ्या काही रुपयांत ट्रान्झिस्टर किंवा मनगटी घड्याळ मिळवा, असा तिचा मजकूर असे. पत्ता दूरच्या कुठल्यातरी शहरातील पोस्टाच्या पेटीचा. व्ही. पी. सोडवून घ्यावी, तर खोक्यातून विटेचा तुकडा किंवा मुलांच्या खेळण्यातले घड्याळ निघे, आणि फसलेला गृहस्थ ही गोष्ट चारचौघांतच काय, पण घरातही बोलत नसे. ती जाहिरात आज दिसेनाशी झाली असली तरी तिचा वंश खुंटलेला नाही. महाडच्या बाजारपेठेत किंवा पोलादपूरच्या एस. टी. स्थानकावर गाडीची वाट पाहत बसलेल्या माणसाच्या मोबाइलवर आता जी जाहिरात झळकते, तिच्यात घड्याळाऐवजी झगझगीत पॉलिश केलेली प्रीमियर पद्मिनी असते, जावा मोटारसायकल असते, नाहीतर हिरव्या रंगाची जुनी जीप असते. किंमत बाजारभावाच्या निम्म्याहून कमी. आणि विकणारा हमखास लष्करातला जवान.

या जाहिरातींना बळी पडणाऱ्यांना लोभी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. ज्या पिढीने ऐन तारुण्यात बजाज स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिली, आणि फियाट गाडी ही डॉक्टरांच्या किंवा वकिलांच्या दारातच शोभते असे ज्या पिढीच्या मनावर बिंबले होते, ती पिढी आता निवृत्त झाली आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी ती मोटार कोकणातल्या चाकरमान्याने पाहिली ती मुख्यत्वे मुंबईच्या टॅक्सीच्या रूपात. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरूनही कायमची गेली. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि वीस वर्षांची मुदत भरली होती. त्याच्या आधीच, २०१४ मध्ये, अॅम्बॅसडरचे उत्पादन थांबले होते. वस्तू नाहीशी झाली की तिच्याविषयीचे ममत्व वाढते. निवृत्तिवेतनाच्या थकबाकीचे चार पैसे हाती आलेल्या शिक्षकाला, आपल्याही अंगणात एक पद्मिनी उभी राहावी असे वाटले, तर तो काही मोठा अपराध नव्हे. ठकाने नेमके हेच हेरले आहे.

दुसरी गोष्ट या भागापुरती अधिक महत्त्वाची. लष्करी गणवेशावरचा विश्वास ही महाड-पोलादपूरची जुनी मिरास आहे. पोलादपूरजवळचे उमरठ तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीमुळे ओळखले जाते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलणारे आद्य पुरुष. तेही लष्करातूनच निवृत्त झालेले होते. महाड तालुक्यातील एका गावाच्या तर नावातच फौज आहे. पहिल्या महायुद्धापासून घराघरांतून माणसे सैन्यात पाठविणारे ते फौजी आंबवडे. ज्या मुलखात शेजारच्या घरातला मुलगा सीमेवर असतो, तेथे ‘मी फौजी आहे, बदली झाली म्हणून गाडी स्वस्तात काढतो आहे’ हे वाक्य ऐकून कोणी ओळखपत्राची तपासणी करीत बसत नाही. ठक मागितल्यावाचूनच ओळखपत्र पाठवितो, कँटीनचे कार्ड पाठवितो, गणवेशातले छायाचित्र पाठवितो. ही कागदपत्रे बहुधा दुसऱ्याच कुणा खऱ्या सैनिकाची चोरलेली असतात. म्हणजे एकाच जाहिरातीने दोघांची नाडवणूक होते. एकाचे पैसे जातात, दुसऱ्याचे नाव.

पुढचा व्यवहार ठरीव चालीने चालतो. गाडी राजस्थानातल्या किंवा ईशान्येकडच्या छावणीत आहे, ती ‘लष्करी वाहतुकी’ने घरपोच येईल, त्यासाठी परत मिळणारी अनामत म्हणून प्रथम पाच-सहा हजार रुपये भरावेत. ते भरले की शिक्क्यानिशी पावती येते. मग वस्तू आणि सेवा कर, मग विमा, मग गाडी वाटेत अडकली म्हणून दंड. प्रत्येक वेळी रक्कम थोडी वाढते, आणि आधी गेलेली बुडू नये म्हणून माणूस पुढची भरीत जातो. कधी पैसे परत देण्याच्या बहाण्याने चौकटींचे एक चित्र पाठवून ते मोबाइलने टिपण्यास आणि गुप्त क्रमांक दाबण्यास सांगितले जाते. पैसे घेण्यासाठी गुप्त क्रमांक कधीच लागत नाही, तो केवळ देण्यासाठी लागतो. एवढी एक गोष्ट बँकांनी आपल्या दारावर ठळक मराठीत लिहून लावली असती तर पुष्कळांचे पैसे वाचले असते.

हा प्रकार भारतापुरता आहे असेही नाही. अमेरिकेतील केंटकी राज्यात एका मोठ्या टोळीवरील आरोपपत्र फेब्रुवारी २०१९ मध्ये उघड झाले. वीस जणांवर ठपका होता, त्यांतील बरेचसे रुमानियाचे. अस्तित्वातच नसलेल्या मोटारींच्या जाहिराती संकेतस्थळांवर द्यायच्या, आपण लष्करात असून मोहिमेवर जाण्यापूर्वी गाडी विकायची आहे असे सांगायचे आणि मिळालेले पैसे बिटकॉइनमध्ये फिरवून मायदेशी न्यायचे, ही त्यांची रीत. सातासमुद्रापलीकडच्या ठकालाही सोंग सुचले ते सैनिकाचेच, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

वास्तविक जुन्या वाहनाचा व्यवहार कागदांवाचून होतच नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यानुसार वाहनाच्या हस्तांतरणाची खबर विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही परिवहन कार्यालयाला द्यावी लागते. गाडी परराज्यातली असेल तर तिकडचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. पेणच्या कार्यालयात एमएच-०६ मालिकेत ती आणायची म्हटली तर हे सारे सोपस्कार चुकत नाहीत. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तिची ‘व्हीए’ अक्षरांच्या स्वतंत्र मालिकेत नोंद करता येते, पण नव्या नोंदणीचे शुल्कच वीस हजार रुपये आहे, आणि अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती बाहेर काढायची. ज्याला हे ठाऊक आहे त्याला पन्नास हजारांत ‘सर्व कागदपत्रांसह घरपोच’ मिळणारी १९६८ सालची फियाट पाहून हसू यावे. पण हे नियम ठाऊक असतात कोणाला?

जुन्या वाहनांची नड या भागात केवळ हौसेची नाही. पोलादपूर तालुक्याला रेल्वे नाही. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाड्या-वस्त्यांना जीप हेच वाहन. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहरातील घरे-दुकाने बुडाली, तशी दारातली वाहनेही बुडाली. नवी गाडी ज्याच्या आवाक्यात नाही तो जुनी शोधणार, आणि आता तो ती मोबाइलवर शोधणार. ‘लष्कराच्या लिलावातील जीप’ अशा मथळ्याची जाहिरात त्याला खरी वाटते, कारण लष्कराची बाद झालेली वाहने लिलावात निघतात हे खरेच आहे. मात्र तो लिलाव जाहीर असतो, सरकारी यंत्रणेमार्फत होतो. एखादा हवालदार तो भ्रमणध्वनीवरून करीत नाही.

येथे खरा प्रश्न जबाबदारीचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला दिलासा दिला. त्याच्या संमतीवाचून खात्यातून पैसे गेले आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्रयस्थाने केलेल्या लबाडीचा भुर्दंड त्याच्यावर पडू नये. पण मोटारीच्या जाहिरातीला भुललेला माणूस पैसे स्वतःच्या हाताने पाठवितो. कागदोपत्री संमती आहे. म्हणून हे संरक्षण त्याला लागू पडत नाही. धनादेशाच्या काळात ‘पेमेंट थांबवा’ असे बँकेला सांगायला निदान एखादा दिवस मिळत असे. २०१६ पासून आलेल्या यूपीआय पद्धतीने पैसा क्षणात जातो, आणि भाड्याने घेतलेल्या चार-सहा खात्यांतून फिरून तो रोखीत निघतो. फसवणुकीला शिक्षा सांगणारी कलमे नाहीत असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ ड हे कलम संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगते. भारतीय न्याय संहितेतही १ जुलै २०२४ पासून फसवणूक आणि तोतयेगिरी यांसाठी कलमे आहेत. पण आठ हजार रुपयांसाठी महाडचा पोलीस परप्रांतात किती वेळा जाणार?

सबब, अटकाव जाहिरातीच्या उगमापाशीच करावयास हवा. वर्तमानपत्रे ‘मजकुराची खातरजमा वाचकांनी करावी’ अशी चौकट छापून हात झटकतात, हे खरे; तरी त्यांच्या खिडकीवर जाहिरातदाराला नाव-पत्ता तरी लिहून द्यावा लागतो. जाहिरातींवर अब्जावधी रुपये मिळविणाऱ्या संकेतस्थळांना एवढेही बंधन नको काय? वाहनांची देशभरची नोंद सरकारच्या ‘वाहन’ या संग्रहात आहे. गाडीचा क्रमांक आणि नोंदणीकृत मालकाचा मोबाइल क्रमांक यांचा मेळ बसल्याखेरीज मोटारीची जाहिरात झळकूच नये, असा नियम करणे अवघड नाही. मध्यस्थाला कायद्याने दिलेले संरक्षण टपाल पोचविणाऱ्यासाठी होते. जाहिरात पुढे ढकलून तिचे पैसे घेणाऱ्याला ते किती द्यायचे, याचा संसदेने पुन्हा विचार करावा.

तोवर फसलेल्याच्या हाती एकच उपाय आहे, तो म्हणजे घाई. १९३० या क्रमांकावर तक्रार लगेच नोंदविली तर पैसे ज्या खात्यात गेले ते गोठविता येतात. दोन दिवस लाजेत गेले की ते खाते रिकामे असते. आणि पैसे पाठविण्याआधीची चौकशी तर या तालुक्यांत फार दूरही नाही. जवळच्या गावातल्या कोणा निवृत्त सुभेदाराच्या हाती दूरध्वनी देऊन पलीकडच्या ‘जवाना’शी त्याला बोलू द्यावे. पलटण कोणती, कंपनी कोणती, आणि लष्कराची कोणती मालमोटार लोकांच्या खाजगी गाड्या घरपोच करीत हिंडते, असे दोन-तीन प्रश्न तो विचारील. पलीकडचा दूरध्वनी बहुधा दुसऱ्या प्रश्नालाच बंद होईल.