कवटीच्या शिवणी अकाली जुळल्यावर : शस्त्रक्रियेनंतर उरणाऱ्या विकृतींचे निवारण

अर्भकाच्या कवटीची हाडे शिवणींनी परस्परांस जोडलेली असतात. या शिवणी मोकळ्या असतात म्हणूनच वाढत्या मेंदूबरोबर कवटीही वाढू शकते. एखादी शिवण अकाली हाडाने भरून निघाली, म्हणजे जी अवस्था उद्भवते तीस क्रॅनिओसिनोस्टोसिस म्हणतात. सुमारे २,००० ते २,५०० जन्मांमागे एका बालकात ती आढळते. जुळलेल्या शिवणीशी काटकोनात होणारी वाढ खुंटते व तिला समांतर अशी वाढ अधिक होते, हा नियम फिर्खो यांनी १८५१ मध्ये मांडला. बहुधा पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया करून कवटीस योग्य आकार देण्यात येतो. तथापि उपचार तेथेच संपतो असे नाही. काही बालकांत विकृतीचा अंश उरतो, तर काहींत ती पुढे नव्याने प्रकट होते.

या उर्वरित विकृतीची कारणे तीन प्रकारची आहेत. पहिले, मूळची दुरुस्तीच अपुरी पडणे. दुसरे, शस्त्रक्रियेचेच परिणाम : हाडांत पोकळ जागा राहणे, कडा उंचसखल होणे, अथवा कानशिलाचा स्नायू व मेद क्षीण होऊन तेथे खळगा पडणे. तिसरे कारण म्हणजे वाढीचा मूळ दोष. क्रूझाँ (१९१२) व आपेर (१९०६) यांनी वर्णिलेल्या लक्षणसमूहांत चेहऱ्याच्या मध्यभागाची हाडेही नीट वाढत नाहीत; त्यामुळे पुढे आणलेले कपाळ वयाबरोबर पुन्हा मागे पडल्यासारखे दिसते. कारण कोणते, यावरच उपाय व त्याची वेळ अवलंबून असते. व्हिटेकर यांनी १९८७ मध्ये केलेले वर्गीकरण उपायाच्या व्याप्तीवर आधारलेले आहे : पहिल्या वर्गात पुनर्शस्त्रक्रियेची गरज नसते, दुसऱ्यात मऊ ऊतींची वा किरकोळ हाडाची दुरुस्ती पुरते, तिसऱ्यात हाड कापणे वा अस्थिकलम करणे आवश्यक ठरते, चौथ्यात मूळ शस्त्रक्रियेएवढी किंवा तीहून मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

पोकळ जागांचा प्रश्न वयाशी निगडित आहे. तान्ह्या वयात मेंदूवरील जाड आवरण नवे हाड निर्माण करू शकते. दुसऱ्या वर्षानंतर ही शक्ती मंदावते व उरलेल्या पोकळ्या आपोआप भरत नाहीत. त्या भरण्यासाठी कवटीचेच हाड उभे विलग करून त्याचा एक थर वापरणे हा उत्तम उपाय होय. परंतु लहान मुलांत हे दोन थर पुरेसे विकसित झालेले नसतात. म्हणून काही वर्षे थांबणे इष्ट ठरते. टायटॅनियम अथवा अॅक्रिलिक सिमेंट यांसारखे पदार्थ उपलब्ध आहेत खरे. पण ते बालकाबरोबर वाढत नाहीत, आणि कपाळातील वायुविवराजवळ त्यांना जंतुसंसर्गाचा धोका असतो. कानशिलावरील खळग्यास शरीरातील मेद भरणे पुष्कळदा पुरेसे होते.

चेहऱ्याचा मध्यभाग पुढे आणण्याचा प्रयत्न गिलीज यांनी १९४२ मध्ये केला. १९६७ साली रोम येथील परिषदेत तेस्सिए यांनी कवटीच्या आतून व बाहेरून एकत्र करावयाच्या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष मांडले आणि या शाखेचा पाया घातला गेला. पुढे इलिझारोव्ह यांच्या तत्त्वानुसार, कापलेले हाड दररोज सुमारे १ मिलिमीटर या वेगाने सरकविण्याची पद्धती चेहऱ्यासही लागू झाली. तीत हाडाबरोबर त्वचा व स्नायूही हळूहळू ताणले जातात.

वेळेचा निर्णय येथे सर्वांत कठीण होय. पुढे आणलेला मध्यभाग त्यानंतर फारसा वाढत नाही, मात्र खालचा जबडा वाढतच राहतो. म्हणून बालपणीच शस्त्रक्रिया केल्यास ती पुन्हा करावी लागण्याचा संभव असतो. उलट, श्वासमार्ग अरुंद असला किंवा पापण्या डोळे झाकू शकत नसल्या, तर वाढ पूर्ण होण्याची वाट पाहणे घातक ठरेल. तसेच उरलेली विकृती केवळ रूपाची आहे असे गृहीत धरता येत नाही. मेंदूवरील दाब पुन्हा वाढत असेल, तर बाहेरून त्याची खूण दिसेलच असे नाही. यास्तव नेत्रतळाची नियमित तपासणी आवश्यक आहे.

शाळेत जाणाऱ्या मुलास समवयस्कांच्या नजरेचा होणारा त्रास हेही विचारार्ह कारण होय. परंतु जुन्या व्रणांतून पुन्हा केलेली शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अधिक अवघड असते. म्हणून कोणत्या बालकास ती आज करावी, कोणास उद्या व कोणास कधीच नको, हे ठरविणे हेच या शाखेतील खरे कौशल्य होय.