स्कीमाचं नाव बदललं, फंक्शनच्या पोटातलं तसंच राहिलं

पोस्टग्रेसमध्ये 'ऑल्टर स्कीमा लेखा रीनेम टू हिशेब' ही आज्ञा क्षणात पूर्ण होते. टेबलं कितीही मोठी असोत, बदलते ती कॅटलॉगमधली एकच नोंद. व्ह्यू, फॉरेन की, ट्रिगर एकमेकांना ओआयडी या अंतर्गत क्रमांकाने ओळखतात, म्हणून ते शाबूत राहतात. त्यामुळेच वाटतं, की फंक्शनंही आपोआप सांभाळली जातील.

तसं होत नाही. पीएल/पीजीएसक्यूएल फंक्शनचा मजकूर पीजी_प्रॉकमध्ये निव्वळ अक्षरं म्हणून पडून असतो. त्यात 'लेखा.कर_काढा()' लिहिलं असेल, तर नाव बदलल्यावरही तेच राहतं. ट्रिगर आपलं फंक्शन बरोबर शोधतो, पण ते आतून जुन्या नावाला हाक मारतं आणि साधा इन्सर्टही अडतो.

'नाव बदलताना एरर आली नाही, म्हणजे सगळं ठीक' हा त्याहून घातक समज. कोणतं फंक्शन कोणाला बोलावतं, याची नोंद अशा मजकुरासाठी पीजी_डिपेंडमध्ये नसतेच. ती ओळ चालेल तेव्हाच चूक दिसते, आणि ती ओळ वर्षअखेरच्या हिशेबातच चालणारी असली तर मार्चपर्यंत सगळं सुरळीत वाटतं. पीएलपीजीएसक्यूएल_चेक हे एक्स्टेंशन अशा बऱ्याच चुका आधीच पकडतं, ते वापरावंच.

'स्कीमाचं नाव गाळून सर्च_पाथवर सोडा' असाही सल्ला मिळतो. पण फंक्शनला, रोलला किंवा डेटाबेसला जोडलेला सर्च_पाथही मजकूरच. तोही बदलत नाही. शिवाय सिक्युरिटी डिफायनर फंक्शनात पाथ मोकळा सोडला, तर कोणी त्याच नावाचं दुसरं फंक्शन पेरू शकतं. २०१८च्या सीव्हीई-२०१८-१०५८ या त्रुटीचं मूळ अशाच धोक्यात होतं. मला तरी पूर्ण नाव लिहिणं आणि बदलाची मेहनत सोसणं जास्त पटतं.

२०२१च्या आवृत्ती १४पासून एसक्यूएल भाषेतली फंक्शनं 'बिगिन अ‍ॅटॉमिक'ने लिहिता येतात. त्यांचे संदर्भ तयार होतानाच ओआयडीला बांधले जातात, म्हणून नाव बदललं तरी ती टिकतात. पीएल/पीजीएसक्यूएलला ही सोय नाही.

तिथे नाव बदलणं आणि फंक्शनं नव्याने लिहिणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करावं. पीजी_गेट_फंक्शनडेफ पूर्ण व्याख्या देतं. ती दुरुस्त करून पुन्हा तयार करावी, चालवून पाहावी, बिघडलं तर रोलबॅक. मात्र 'लेखा.' सरसकट बदलू नये. एखाद्या क्वेरीत टेबलाचं टोपणनावही 'लेखा' असतं, आणि मग 'लेखा.रक्कम'चं 'हिशेब.रक्कम' होऊन चालती क्वेरी मोडते.