नकाशा सगळ्यांचा, सातबारा ज्याचा त्याचा

रस्ते, ओढे, दवाखाने, हातपंप यांची माहिती लोकांनीच गोळा करायची आणि सगळ्यांसाठी खुली ठेवायची, हा ओपनस्ट्रीटमॅपचा उद्देश. स्टीव्ह कोस्ट यांनी 2004 साली इंग्लंडमध्ये त्याची सुरुवात केली. धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबसारख्या तालुक्यात त्याचा उपयोग मोठा, पण गैरसमजही बरेच.

गैरसमज : गुगल मॅप्सची ही फुकट नक्कल आहे.
वस्तुस्थिती : गुगल मॅप्स आला 2005 साली, म्हणजे नंतर. शिवाय इथे पडद्यावरचा नकाशा दुय्यम. खरं काम त्यामागच्या माहितीसाठ्याचं. तो अख्खा उतरवून घेता येतो. ऑस्मअँडसारखी इंटरनेटशिवाय चालणारी अॅप त्यावरच उभी आहेत. हैतीत 2010 साली भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते काढले आणि मदतपथकांनी ते वापरले. 1993 चा किल्लारीचा भूकंप सोसलेल्या या भागाला त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

गैरसमज : पाणंद नकाशावर आली की वहिवाट सिद्ध झाली.
वस्तुस्थिती : अजिबात नाही. शेतातली गाडीवाट इथे ‘हायवे=ट्रॅक’ अशी नोंदवतात. जोडीला ती मातीची की मुरमाची, हेही लिहितात. रांजणीच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला एवढं कळलं तरी पुष्कळ. हद्दीची मोजणी मात्र भूमी अभिलेख खात्याच्या अखत्यारीत येते आणि अडवलेल्या रस्त्यासाठी मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडेच जावं लागतं.

गैरसमज : यात आपली खासगी माहिती जाते.
वस्तुस्थिती : परक्या माणसालाही जागेवर जाऊन पडताळता येईल, तेवढंच नोंदवायचा नियम आहे. येरमाळ्याचं येडेश्वरी मंदिर नोंदवायचं. गटाचा मालक कोण, घरात कोण राहतं, हे नाही. ‘या हॉटेलातला चहा चांगला’ हेही नाही.

गैरसमज : खुलं आहे म्हणजे कसंही वापरा, कुठूनही भरा.
वस्तुस्थिती : 2012 पासून ही माहिती ओपन डेटाबेस लायसन्सखाली आहे. वापरणाऱ्याने श्रेय द्यायलाच हवं. साठ्यात भर घालून तो लोकांपुढे आणला, तर तोही त्याच अटींवर खुला ठेवावा लागतो. गुगलच्या नकाशावरून उतरवून भरणं तर साफ निषिद्ध.

गैरसमज : कोणीही बदल करतं, मग भरवसा कसला?
वस्तुस्थिती : कुठल्या खात्यावरून, कधी, काय बदललं, याची नोंद राहते, खोडसाळ बदल मागे घेता येतो. खरी उणीव वेगळीच आहे. शहरं दाट भरलेली असतात; वाड्या-वस्त्या अनेकदा कोऱ्या राहतात. उपग्रहचित्रात वाट दिसते, पण पावसाळ्यात ती बंद पडते की नाही, हे रोज तिथून जाणाऱ्यालाच ठाऊक असतं. ती नोंद करायला प्रोग्रॅमिंग लागत नाही. एक मोफत खातं आणि स्ट्रीटकंप्लीटसारखं अॅप असलं की काम भागतं.