वगळलेल्याची वाट कशाला?

सहलीला निघालेला वर्ग डोळ्यांसमोर आणू. पटावर ४० मुले, त्यांपैकी दोघांनी 'येणार नाही' अशी चिठ्ठी आधीच दिलेली. ३८ मुले बसमध्ये बसली की गाडी सुटायला हवी. पण हजेरी घेणारा ४० च्या आकड्यासाठी अडून बसला तर?

संगणकही कधी कधी असाच अडून बसतो. लिनक्स प्रणालीचा संगणक सुरू होताना जाळ्याशी जोडणी झाली का, हे एक छोटी आज्ञावली तपासते. तिने होकार दिला की जाळ्यावर अवलंबून असलेल्या सेवा सुरू होतात. जोडणीच्या दारांना इंटरफेस म्हणतात. एक तारेचे, एक वायफायचे, शिवाय संगणकाला स्वतःशीच बोलण्यासाठी लूपबॅक. तार लावलीच नसेल तर ते दार तयार होणार नाही. म्हणून आज्ञावलीला 'वगळायची यादी' देता येते. सिस्टमडी या व्यवस्थापकातली अशी सेवा लूपबॅक आपणहून वगळते, बाकीची दारे सांगावी लागतात. जोडणी पूर्ण झाली नाही, तर ती १२० सेकंद थांबून अपयश नोंदवते.

अशी आज्ञावली आपण लिहायला घेतली, तर चुकण्याच्या जागा तीन.

पहिली, मोजणीची. वगळलेले दार 'तयार नाही' यांत धरले, तर वाट संपतच नाही. ते एकूण संख्येतूनच कमी करायला हवे.

दुसरी, नावाची. 'ईथ१' वगळायचे असताना केवळ अक्षरे जुळतात का एवढेच पाहिले, तर 'ईथ१०' हेही वगळले जाते. 'राम'ची रजा रामदासलाही लागू व्हावी तसे! मग खरे दार न तपासताच होकार मिळतो आणि सेवा जाळ्याआधीच सुरू होऊन कोलमडतात. नाव पूर्ण जुळवावे.

तिसरी, रिकाम्या यादीची. सगळीच दारे वगळली तर 'उरलेली सर्व तयार आहेत' हे विधान गणिताच्या नियमाने खरे ठरते, पण 'निदान एक तयार आहे' हे खोटे. अशा वेळी काय करायचे, हे आधीच ठरवून लिहावे.

वीज जाऊन आल्यावर आपोआप सुरू होणाऱ्या, जवळ कोणी नसलेल्या संगणकावर या चुका फार महाग पडतात. 'आहे' आणि 'नाही' यांखेरीज 'विचारायचेच नाही' असे तिसरे उत्तर असते. ते शिकवायला संगणकही लागत नाही; वर्गाचा हजेरीपट पुरतो.